उतार

तूली म्हणजे आमच्याकडे वारा.
तो वारा ऑक्टोबरात दगडी कुंपणावरून
सशामागे झेपावला
आणि पलीकडे उतरला तो तीन पायांवर.

ओरडली नाही. मागचा डावा पाय
दुसऱ्या कुणाचा चुकून उचलून आणल्यासारखा
पोटाशी धरून उभी राहिली
जुनिपरच्या झुडपांत. ससा कधीच गेलेला.

हीयूमा बेटावर गाईंचा डॉक्टर आहे,
गुडघ्यांचा नाही.
म्हणून सव्वा तास फेरीबोट.
एकतीस वर्षं मी तिच्या पोटात, इंजिनापाशी काढली.
उतारू म्हणून वर बसलो तो त्या दिवशी,
मांडीवर बावीस किलोंचं कुत्रं,
आणि लाटा एवढ्या उंच असतात
हे मला तेव्हा कळलं.

टार्टूत डॉक्टर सिग्रिदने एक्स-रे उजेडाला लावला.
"आतली दोरी तुटलीय."
"मग जोडा."
"जोडून टिकत नाही.
नडगीचा माथा उतरता असतो.
पाऊल टाकलं की मांडीचं हाड त्यावरून घसरू बघतं,
दोरी त्याला ओढून धरते.
आम्ही हाड गोल कापतो, जरासं फिरवतो,
तो उतारच मोडतो.
मग दोरीवाचून चालतं."

मी मेकॅनिक माणूस. कोन विचारला.
सव्वीस अंश; सहावर आणणार.
पट्टी एक, स्क्रू सहा.
आकडे समजले की भीती निम्मी होते
असं मी जन्मभर मानत आलो,
तिची भादरलेली, गुलाबी मांडी पाहीपर्यंत.

आठ आठवडे. धावणं नाही, उडी नाही,
पायरी तर एकसुद्धा नाही.
माझ्या घराला सात आहेत.
दोन दिवस उचलून नेली.
तिसऱ्या दिवशी माझीच कंबर धरली
आणि अंगणात आम्ही दोघं
एकमेकांकडे बघत बसलो,
ती गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं घालून, मी तसाच.

चौथ्या सकाळी दार उघडलं
तर पायऱ्यांवर फळ्यांची उतरण.
ताजं पाइन, वर डांबरी कापड, पाय घसरू नये म्हणून.
दार कुणी वाजवलं नव्हतं.
पण खिळे तिरके, जोडीजोडीने ठोकलेले:
असे खिळे बेटावर एकच माणूस ठोकतो.
एंडेल. माझा धाकटा भाऊ. कुंपणापलीकडे राहतो.
नऊ वर्षं झाली, बापाच्या होडीच्या शेडवरून
मोडू पण वाकणार नाही, हे दोघांनी पाळलं.
अक्कल गुडघ्यात असते म्हणतात.
असेलही.

संध्याकाळी कुंपणाच्या खांबावर
धुरावलेल्या माशांची बरणी ठेवली.
सकाळी बरणी नव्हती.
परवा ती धुऊन, पालथी, त्याच खांबावर.

मग पाच मिनिटं चालणं. मग सात.
पट्टा आखूड, घड्याळ मनगटावर,
बर्फ पडलं तेव्हा फावड्याने एक गल्ली केली
तिच्या रुंदीची.
टाके निघाले. भूक परतली.
पाचव्या आठवड्यात एकदा, मूत्रासाठी थांबली असताना,
डाव्या पायाची बोटं बर्फाला लावून पाहिली,
आंघोळीचं पाणी बघतात तशी,
आणि काढून घेतली.
मी मान फिरवली. काही क्षण बघायचे नसतात,
बघितले तर परत येत नाहीत.

दुसऱ्या दिवशी ठसे मोजले.
चार.

जानेवारीत पुन्हा फेरीबोट, पुन्हा एक्स-रे.
कापलेल्या रेषेवर हाड भरून आलेलं,
डांबर भरलेल्या फटीसारखं.
"दुखण्याला चांगला उतार आहे," सिग्रिद म्हणाली,
"पण उजव्याकडे लक्ष ठेवा.
निम्म्या कुत्र्यांचा दुसराही जातो."

मार्चमध्ये एंडेल कुंपणाशी उभा होता,
हातात पहार, नजर फळ्यांवर.
तूलीने पट्टा ताणला त्याच्याकडे.
"काढू का त्या?" नऊ वर्षांतलं पहिलं वाक्य,
आवाज बापासारखा झालेला.

"राहू दे," मी म्हणालो.
"अजून एक गुडघा आहे."