सहावं भोक

मकरपुरा जीआयडीसी, गाळा एकशे सोळा.
शटर अर्धं खाली ओढलेलं.
हेमांगनं गोणपाट उलगडून बाकावर ठेवलं
नवंकोरं फ्लायव्हील, हलकं, आरशासारखं घासलेलं,
घरबसल्या मागवलेलं.
"काका, फक्त बसवायचंय."

फक्त.
चौतीस वर्षं उभा आहे ह्या लेथपाशी,
'फक्त' म्हणून आलेलं काम
दिवेलागणीच्या आत कधी परत गेलेलं नाही.

गाडी एकीची, इंजिन दुसरीचं,
आणि हे तिसरंच कुणी,
ज्यानं दोघींचं तोंड पाहिलेलं नाही.
व्हर्निअर लावला. मधला गाळा साडेचार मिलिमीटर सैल.
बोल्टांची भोकं इथंही सहा, तिथंही सहा,
पण शेजारच्या सोसायटीतल्या गरब्यासारखी:
टाळी तीच, घेर वेगळा.

हेमांग म्हणाला, कानशीनं लांबट करा ना,
बोल्ट आवळले की झालं.
म्हटलं, बाळा, बोल्ट आवळतो, मध्य नाही सांभाळत.
मध्य सांभाळतं ते हे कडं,
केसाएवढीही जागा न देणारं.
पाच हजार फेऱ्यांवर हे लोखंड सुटलं
तर तुझ्या पायांची विचारपूस करायला थांबणार नाही.

कडं कातलं. शेवटचा कट इतका बारीक
की कीस नाही, नुसता वास.
फ्लायव्हील शेगडीवर, कडं इर्शादच्या हातात
समोरच्या लस्सीवाल्याच्या बर्फात.
मग टप्.
आता वेगळं करायचं तर कापायलाच हवं.

जुन्या भोकांच्या मधोमध नवी सहा आखली,
साठ-साठ अंश, डिव्हायडिंग हेडवर मोजून.
आधी नुसत्या वाटा पाडल्या, तीन मिलिमीटरच्या.
क्रँकमध्ये टोकदार बोल्ट फिरवून चाक टेकवलं:
पाच टोकं पाच वाटांत.
सहावं लोखंडावर आपटलं.

फिरवून पाहिलं. आपटलं.
पुन्हा फिरवलं.
साडेअकरा वाजलेले. मग बॅटरी धरून
क्रँकचा चेहरा पहिल्यांदा नीट पाहिला.
कुण्या कारखान्यातल्या कुणीतरी
मुद्दाम, दीड मिलिमीटर,
सहावं भोक सरकवून ठेवलं होतं,
की चाक एकाच रीतीनं बसावं,
झोपेत बसवणाऱ्याच्या हातूनसुद्धा.

आणि मी जागा होतो.
सहा म्हणजे सारखे सहा, असं धरून चाललो होतो.

इर्शाद काही बोलला नाही.
त्यानं चहा बशीत ओतून माझ्याकडे सरकवला
आणि हेमांगला बाहेर नेलं,
त्याच्या मोटारसायकलचा अ‍ॅव्हरेज विचारत.

चुकीची वाट बारीक होती, खऱ्या भोकात मावली असती.
पण ड्रिलचा स्वभाव वाईट:
जवळ जुनं भोक असलं की त्याच्याकडेच ओढलं जातं,
तुम्ही कितीही घट्ट धरा.
म्हणून ड्रिल ठेवून दिलं.
सपाट तोंडाचा कटर लावला, चाळीस मिनिटं
थेंब थेंब तेल सोडत
उतरलो.

सहा बोल्ट बोटांनी गेले.
डायलचा काटा दोन रेघांत झुलला नि थांबला.
उद्या बॅलन्सिंग, जड बाजूचं थोडं खरवडायचं,
परवा चावी.
सुरू झाल्यावर काय म्हणेल, ते अजून कुणी ऐकलेलं नाही.

दोनला घरी. इला जागीच होती.
"बेठुं?"
"बसलं."
तीस वर्षं आमचं असंच चाललंय,
ती तिच्यातून विचारते, मी माझ्यातून सांगतो.
दिव्याखाली तिनं माझा तळवा ओढून घेतला,
चष्मा कपाळावरून खाली,
सुई तापवून लोखंडाचं कुसळ उचकटू लागली.
"एक ज छे?"
म्हटलं, आधी एवढं काढ.