गुण्या

सज्जा म्हणतात या भागाला. शारजाच्या पाठीमागे,
सिमेंटच्या गोदामांपलीकडे.
इथल्या एकाही खोलीला सज्जा नाही.
खिडकीत एसी, एसीखाली बादली, बादलीत टप टप.

शुक्रवारी टायरवाल्याच्या शेडमध्ये
किझ्झा आम्हाला पाय शिकवतो.
युगांडाचा. रात्री मॉलच्या दाराशी पहारा करतो.
जुळ्यांच्या पाठीवर झालो म्हणून हे नाव, सांगतो.
हात नंतर, म्हणतो. हात सगळ्यांनाच असतात.

मी फरशीवाला. तालुका चंदगड.
सोळा वर्षं गुडघ्यांवर चाललोय,
हॉटेलांच्या लॉबीतून, व्हिलांच्या न्हाणीघरांतून,
आणि तेही मागे मागे,
कारण फरशी बसवणारा मागेच सरकतो
आणि शेवटी दारातून बाहेर पडतो.
गुण्या लावायचा. दोरी ओढायची.
इथे सूतभर चुकलं
की पलीकडच्या भिंतीशी चार बोटांची पाचर.

म्हणून पहिले तीन महिने
मी सरळ जायचो, सरळ यायचो.
किझ्झा म्हणायचा, तू लिफ्ट आहेस भाई,
दार कुठे उघडणार ते सगळ्यांना ठाऊक.

मग त्याने खडू मागितला. माझाच.
जमिनीवर दोन पावलं आखली,
त्यांच्या बाजूला, तिरकी, आणखी दोन.
ठोसा टाकला की पत्ता बदल, म्हणाला.
टाकून तिथेच थांबतो
त्याला घरपोच उत्तर येतं.

पुढचं पाऊल आधी. मागचं त्याच्यामागून.
पायांची कात्री होऊ द्यायची नाही.
डाव्या चवड्यावर वळायचं, विडी विझवावी तसं,
टाच उचललेली, खालून कागद सरकेल
एवढीच.
गुडघे कुरकुरायचे. त्यांना वाटायचं
हे काय नवीन, उभ्याने?

काल झरवलीशी जोडी लागली.
क्रेनवाला, स्वातचा, डावखुरा.
त्याचा उजवा पाय पुढे, माझा डावा,
एका गव्हाणीत तोंड घातलेले दोन बैल.
दोन मिनिटं मी नाकाच्या रेषेत शिरत राहिलो
आणि त्याचा डावा खात राहिलो.
ओठ खारट.
मान खाली गेली तेव्हा खडू दिसला,
टायरच्या काळ्यात पुसट झालेला.

पाय गेला.
मी नेला नाही, गेला,
त्याच्या पायाच्या बाहेर, वीतभर.
आणि झरवली एकदम कडेने दिसला:
कान, कानामागचा घाम, बरगडीशी फाटलेला गंजी,
सगळी अशी बाजू
जिच्यावर कुणी पहारा ठेवलेला नव्हता.
त्याचा डावा सुटला तो
मी मघाशी होतो त्या माणसावर.
बिचारा अजून तिथेच उभा होता.

मी उजवा टाकला. फार जोरात नाही.
आवाज मात्र चांगला आला,
भरीव बसलेल्या फरशीवर रबरी हातोडी बोलते तसा.
वल्ला, झरवली कान चोळत म्हणाला, किधर गया था तू?
किझ्झा काही म्हणाला नाही.
बोट फिरवून दाखवलं फक्त: परत हल.
मी विसरलो होतो. उभा राहून ऐकत बसलो होतो.
पुढचा ठोसा पोटात.

आज अजमानला, कुणा डॉक्टरच्या व्हिलात,
वरच्या मजल्यावरची खोली मुळातच वाकडी निघाली.
गुण्या एका भिंतीला चिकटे, तर दुसरीला फट.
एरवी शिव्या देत पाचरी कापल्या असत्या.
गुण्या खाली ठेवला. उठलो.
डावीकडे एक पाऊल टाकून पाहिलं, मग आणखी एक,
टाच उचलून.
उभ्याने खोली बघायची मला सवय नव्हती.
दारातून मुहंदिस ओरडला, नाचतोस काय?
मापं घेतोय, म्हणालो,
आणि खरंच घेत होतो.