फाँट सोडून सगळं

तौफिक मुजावर म्हणाला, ताई, सी ड्राइव्ह पुसावाच लागेल.
मी म्हटलं, पूस.
भडंगाचा हात त्यानं पँटला पुसला
आणि हरभट रोडवरचं बावीस वर्षांचं दुकान
एका होकारावर रिकामं केलं.

नवी विंडोज उघडली ती निळी, मोकळी.
पहिल्यांदा तिनं माझं नाव विचारलं.
मी इंग्रजीत लिहिलं. मराठी तिला अजून यायचं होतं.

मग काळ्या डबीतून कॉपी सुरू झाली.
उरलेला वेळ: चार तास.
मग अकरा मिनिटं. मग एक दिवस.
असा शब्द फिरवणारा
आमच्याकडे फक्त बोर्ड रंगवणारा येसबा होता.

एकेक आत येत गेलं.
जावळ, वास्तुशांत, रक्षाविसर्जन,
बेदाण्याच्या सौद्यांची पत्रकं,
'फायनल', 'फायनल नवीन',
'फायनल नवीन मामांनी बघितलेली'.
तयार केल्याची तारीख सगळ्यांची आजची.
ज्यांचं नांदून, भांडून, कोर्टात सुटूनही झालं
त्यांचीही पत्रिका
आज दुपारी चार वाजून सहा मिनिटांनी तयार झाली होती.

एक उघडली.
इंग्रजी अक्षरांचा चिवडा.
मधेच स्वल्पविराम, मधेच उलटा दांडा,
श्री गजानन प्रसन्नच्या जागी
कुणीतरी की-बोर्डवर कोपर टेकल्यासारखं.

"फाँट?" तौफिक म्हणाला.
फाँट सी ड्राइव्हमध्ये होता.
आम्ही दोघांनी पंख्याकडे बघितलं.
मग तो गाडी काढून मिरजेला गेला,
त्याच्या चुलत्याकडे जुन्या सीडींचं एक पोतं आहे म्हणे.

मी एकटीच. बसून काय करायचं,
म्हणून 'उधारी' उघडली.
ही मगदूम मालकांची. आदगोंडा मगदूम,
उभं आयुष्य खिळे जुळवलेला माणूस,
कॉम्प्युटर आल्यावर दोन बोटांनी शिकला
आणि ही एकच फाईल स्वतः टाइप केली,
माझ्याकडे कधी दिली नाही.
ते जाऊन आता सहा वर्षं.

आकडे जसेच्या तसे होते. साडेचारशे. बाराशे. नव्वद.
कोणाकडे, तेवढं गेलेलं.

खरं तर मी स्क्रीन वाचतच नव्हते.
बोटं की-बोर्डवर ठेवली होती, सवयीनं,
आणि तीच आधी हलली.
जे, मग के, मग ई.
ही तीन बटणं मी किती हजार वेळा दाबली असतील,
प्रत्येक पत्रिकेत एक तरी राम असतोच.
मग पुढचं. वाय म्हणजे ल. कॅपिटल जी म्हणजे ळ.
हळद अडत्यांचे बाराशे. बँडवाल्याचे नव्वद.
डोळ्यांना कळेना ते बोटं सांगत होती,
मी नुसती ओठ हलवत होते,
शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं एकदा डोकावून पाहिलं.

शेवटून तिसऱ्या ओळीला आकडा होता दोन हजार.
त्याआधी, ओळीच्या अगदी सुरुवातीला,
एक एकेरी अवतरणचिन्ह,
कोणी आता बोलणार, तसं.
मग के. कॅपिटल एस. वाय. टी. के.
बोटं थांबली. परत पहिल्यापासून गेली.
शैलजा.

कल्याणीच्या टायफॉइडला घेतलेली उचल.
दर महिन्याला मी म्हणायचे, कापा,
ते म्हणायचे, बघू, चष्मा कुठं ठेवला ते बघ आधी.
आकड्यापुढे आणखी चार-पाच अक्षरं आहेत.
'जमा' असेल. 'सोडले' असेल.
'मागणे' असेल, तेही शोभलं असतं त्यांना.

बोटं मी मांडीवर घेतली.

साडेसहाला तौफिक आला, हातात ओरखड्यांची सीडी,
वर मार्करनं लिहिलेलं कोणाचं तरी लग्न.
"मिळाला. टाकू?"
मी म्हटलं, आधी चहा सांग.
स्क्रीनवर ते अवतरणचिन्ह तसंच होतं,
उघडलेलं,
खाली शेवटपर्यंत गेले तरी
कुठे मिटलेलं नाही.