भिजत घोंगडं

मॅरेदच्या वहीत बावीस गाद्या आहेत.
किंमत, वाहतूक, दरवर्षीचा घसारा.
मीच लिहिलाय तो, सलग सहा वर्षं,
ज्यांवर कुणी झोपलं नाही त्या गाद्यांचा घसारा.

प्लास्टिक अजून काढलेलं नाही.
वरच्या मजल्याचं दार उघडलं
की वाऱ्यानं ते कुजबुजतं,
कामगार आल्यासारखं.

येणारच होते. चार हजार, म्हणाले होते सभागृहात
नकाशा पसरून, चहाबरोबर आल्याची बिस्किटं वाटून.
टेकडीपलीकडे जुनी अणुभट्टी
कामावरून सोडलेल्या बैलासारखी उभी आहे,
तिच्या शेजारी नवी.
फक्त एक मंजुरी यायची होती.

पत्र येतं, नाही असं नाही.
दर वसंतात, कोकरांच्या आगेमागे,
लंडनहून कळवतात
की कळवण्याची तारीख पुढे गेली आहे.

एम्रिसनं खडीसाठी तीन ट्रक घेतले. दोन विकले.
तिसरा विकत नाही, रविवारी धुतो.
शाळेत पाचवीची मुलं चौथीत बसवली.
गेथिन वेल्डिंग शिकला, असं वेल्डिंग
की सांध्यातून वाफेचा केसही निसटू नये.
आता तो इंग्लंडात आहे, परक्या गावच्या भट्टीवर.
आई शुक्रवारी फोन करते, वेल्शमध्ये बोलते,
तो हल्ली इंग्रजीत उत्तरं देतो.
हे कुठल्या रकान्यात घालायचं
मला कुणी शिकवलेलं नाही.

त्रेवाइनमध्ये पेटते ती एकच भट्टी, नेरिसच्या पावाची,
तीही आठवड्यातून चारच दिवस.

आणि इफान, ज्यानं फाटकावर
दोन भाषांत 'नको' लिहिलं होतं,
त्याचं फाटक गंजलंय.
"रंगवू कशाला? उद्या जमीन घेतली तर रंग वाया.
नाही घेतली, तर त्याच दिवशी रंगवतो."
हवं म्हणणारे आणि नको म्हणणारे
बँकेच्या एकाच रांगेत उभे असतात.
ती शाखाही जूनमध्ये बंद होतेय.

मी वेगळी नाही.
मदतनीस लागेल म्हणून दुसरी खुर्ची आणली होती,
फिरणारी, पाठीला आधार असलेली.
तिच्यावर शेजारचं मांजर झोपतं.

एकदा हिशेब आटोपल्यावर मॅरेदला म्हटलं,
आमच्याकडे अशा कामाला भिजत घोंगडं म्हणतात.
तिनं दोनदा म्हणायला लावलं. घोंगडं म्हणजे?
लोकरीचं असतं. काळं, जाडंभरडं, धनगराच्या खांद्यावरचं.
लोकर तिला समजावून सांगावी लागली नाही.
खिडकीबाहेर कुंपणाच्या तारेला पुंजके लटकत होते,
त्यांतून पाणी ठिबकत होतं.

कप विसळता विसळता म्हणाली,
ओली लोकर किती जड होते माहीत आहे?
मेंढी ओढ्यात पडली ना, तर ओढा नाही तिला बुडवत.
तिची तिलाच बुडवते.

इतकी वर्षं हा शब्द वापरत आले,
कचेऱ्यांबद्दल, नगरपालिकेबद्दल,
धाकट्या काकांच्या लग्नाबद्दलसुद्धा.
घोंगड्याच्या आत कुणी आहे का,
हे कधी मनातही आलं नव्हतं.

या मार्चला गाद्यांची किंमत संपली.
नियमाप्रमाणे आता शून्य लिहायचं.
मॅरेद टेबलापलीकडून बघत होती.
म्हणाली, एक पौंड राहू दे.

राहू दिला.
नियमात बसतो एक पौंड.
बावीस गाद्यांना मिळून.