पांढरी रेघ

कंटेनरच्या भिंतीवर कंपनीनं लावलेला फलक आहे :
पाच मूल्यं, पाच गोल चित्रं, खाली एक हसरी बाई.
तो तिरका आहे, कारण मागून गळतं
आणि जेमालनं तो सरकवून ओलीच्या डागावर आणला.
खिळा मजबूत आहे. आम्ही हेल्मेटं तिथंच अडकवतो.

मी भांडारात असतो. नट, बोल्ट, वायसर, हातमोजे,
आलं-गेलं वहीत लिहितो.
पूल रिओनीच्या वरच्या अंगाला, राचाच्या डोंगरात.
पलीकडे एकोणीस घरं, एक शाळा,
आणि एक म्हातारी, जी रोज काठावर येऊन ओरडते :
गाय जाईल का रे यावरून?
जाईल, आम्ही म्हणतो.
माझी गाय जाड आहे, ती म्हणते.

रीत अशी :
ज्यानं बोल्ट आवळला त्यानं पिवळी रेघ ओढायची,
ज्यानं तपासला त्यानं पांढरी.
कुठल्याच कागदात हे नाही.
त्सिआलानं आणलं, मागच्या पुलावरून
किंवा त्याच्याही आधीच्या; विचारलं तर सांगत नाही,
खिशातून खडू काढून हातावर ठेवते.

मंगळवारी तपासणीला मिंदिया होता.
अंधारून आलेलं, वारा दोरासकट माणसाला हलवत होता,
आणि वाझाचा हात त्याला ठाऊक,
वाझा अर्धवट आवळून सोडणाऱ्यातला नव्हे.
शेवटच्या अकरांना पाना न लावताच
त्यानं रेघा ओढल्या.
खाली आला. लोबिआनीचे दोन तुकडे खाल्ले.
झोपला असणार, किंवा नसणार.

बुधवारी चहाच्या वेळी,
कुणी काही विचारलेलं नसताना, म्हणाला :
अकरा. नुसत्याच ओढल्या मी.

कुणी ओरडलं नाही.
खरं तर मला ओरडायला आवडलं असतं,
शनिवारी पाहणी होती, आधीच नऊ दिवस मागे होतो.
वाझानं कप पालथा घातला.
त्सिआला टोपी शोधू लागली, ती डोक्यावरच होती.

मग सगळेच चढलो,
मीसुद्धा, ज्याचे गुडघे शिडी बघूनच विरघळतात.
अकरा नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत, चारशे आठ.
कारण एक रेघ खोटी निघाली
की बाकीच्यांचा नुसता खडू होतो.

अकराही घट्ट होते.

मिंदिया हसला, सुटल्यासारखा.
जेमाल म्हणाला, बोल्ट घट्टच होते, सैल तू झालास.
वाक्य जरा जास्तच छान होतं,
म्हणून कुणी उत्तर दिलं नाही.
वाझा दिवसभर गप्प.
मला वाटलं, रागावला असेल त्या पोरावर.
रात्री शेकोटीपाशी म्हणाला, माझ्यावर भरवसा ठेवला त्यानं.
ठेवायचा नसतो.
तेवढ्याचसाठी तर दुसरा माणूस.

अर्धा दिवस गेला होता.
वहीत ‘वारा’ लिहून वेळ मारून नेता आली असती,
वारा काही तक्रार करायला आला नसता.
मी लिहिलं : फेरतपासणी, चारशे आठ.
‘कुणाच्या आदेशावरून’ हा रकाना बोटभर रुंद.
त्यात मावलं तेवढंच : आमच्याच.

परवा रात्री वायसर मोजत होतो.
वहीत चाळीस, डब्यात एकोणचाळीस.
किंमत म्हणाल तर एक काडेपेटीसुद्धा येणार नाही,
कुणाच्या बापाला कळलं नसतं.
बॅटरी घेऊन फरशीवर रांगलो,
फळीखाली एक मेलेला भुंगा सापडला,
माझं हरवलेलं पेन सापडलं.
चाळीस खोडून एकोणचाळीस लिहिलं.
मग दारातून मिंदियाला हाक मारली :
ये, मोज.

तो आला, बुटाची एक नाडी सुटलेली,
डबा उलटा करून टेबलावर ओतला,
आणि माझ्याकडे न बघता
एकेक बाजूला सारू लागला.