हिरवं तेल

कँपेरच्या बाहेर, सफरचंदांच्या बागेमागची शेड.
आर्मेलची सित्रोएन रात्रभर पोट टेकून बसलेली,
माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी.

टॉर्च माझ्या हातात. त्यानं टाकीचं झाकण काढलं,
नळ्या सोडवल्या, ब्रेटन भाषेत शिव्या देत,
आणि जाळी वर आली, हिरवं तेल ठिबकत.
चहाची गाळणीच. फक्त गाळ निराळा:
रबराचा काळा चुरा, गंजाचा कण,
आणि एक आखूड पांढरा केस.

"तिबुचा," तो म्हणाला.
कुत्रा जाऊन अकरा वर्षं झाली.

जुनी जाळी पेट्रोलमध्ये धुऊन वापरता आली असती,
पण नवी मागवून ठेवलेली, ती बसवली.
केस त्यानं चिंधीला पुसला.
चिंधी मात्र टाकली नाही.

आता किल्ली फिरवायची, बस.
पंप टकटक करील, आधी मागची बाजू वर येईल, मग पुढची,
गुडघ्यांवर हात ठेवून कुणी उठावं तशी.

पण आर्मेल मागचं दार उघडून उभा.
म्हातारपणी तिबुला गाडी उठायच्या आत
चढावं लागायचं. तेवढीच उंची जमायची.

"थांब जरा," मला म्हणाला.
मी किल्ली धरून थांबले.