अर्धा फेरा

पहाटेचे पावणेचार. असल्फाच्या उतारावर
धाकू मोंडकर वाकून रस्त्याचं ऐकतात.
सळईचं एक टोक जमिनीवर, दुसरं कानाशी.
मी शेजारी टॅबलेट धरून उभी.
दुय्यम अभियंता, जल खातं, नोकरीला चौदा महिने.

"हय आसा," ते म्हणतात.
"गेल्या वर्षी रस्तो काँक्रीटचो केल्यानी,
झाकणासकट पुरून टाकल्यानी."
नकाशावर हा वॉल्व्ह तीस फूट पलीकडे,
एका फरसाणवाल्याच्या भट्टीखाली.
मी बोटाने ठिपका सरकवते.
सरकतो.

बत्तीस वर्षं खात्याची चावी वाहिली त्यांनी,
छातीएवढी उंच, उजव्या खांद्यावर तिचा घट्टा.
एकतीस तारखेला सुटणार.
त्याआधी त्यांच्या डोक्यातलं सगळं उतरवून घ्या,
असं साहेब म्हणाले, जेवणाच्या सुट्टीत,
डबा बंद करता करता.

तर लिहून घेतेय मी.
पिंपळाखालचा वॉल्व्ह उलटा फिरतो, डावीकडे उघडतो.
मशिदीमागचा रमजानात वीस मिनिटं आधी सोडायचा.
शाळेच्या कुंपणातल्या खड्ड्यात साप असतो,
काही करत नाही, फक्त आधी झाकण वाजवायचं.
टॅबलेटमध्ये यासाठी रकाना नाही.
व्यास, खोली, स्थिती, छायाचित्र.
सापाचं छायाचित्र मी घेतलं नाही.

समोर बेचाळीस मजली काम चाललंय,
क्रेनच्या टोकाला लाल दिवा.
त्यांना जोडणी मंजूर झालीय, याच जलवाहिनीवरून.
कागद माझ्याच टेबलावरून गेला,
सगळे दाखले जोडलेले, कुठेही बोट ठेवायला जागा नाही.

सव्वापाचला आम्ही परत येतो, बंद करायला.
ते चावी बसवतात, मी मोजते. चौदा. पंधरा.
मग अर्धा, आणि ते हात काढतात.

"सोळा आहेत ना?"

ते बिडी शोधतात, सापडत नाही.
मग खाली हात करतात, नाल्याच्या अंगाला,
जिथं दिवे संपतात.
"शेवटच्या गल्लीत, मॅडम, येळेवर पाणी पोचणाच नाय.
वरच्यांचे पंप सगळा ओढून घेतत.
पंप थांबले की ह्या अर्ध्या फेऱ्यातला
दोऱ्याएवढा जाता खाली. रात्रभर. दिवसभर.
एका हंड्याक पाऊण तास."

किती वर्षं?
"थयली जिनत खातून व्हती, पोटुशी.
तेचो झील आता रिक्षा चालवता."

ऑफिसात याला आमचा शब्द आहे:
हिशेबात न लागणारं पाणी.
दर महिन्याला बैठक होते. टक्केवारी पडद्यावर येते.
चहा येतो. कोणीतरी गळती शोधायला सांगतं.
मी गेल्या वेळी मान हलवली होती, जरा जास्तच.

टॅबलेट विचारतोय: स्थिती?
पूर्ण बंद / अंशतः बंद.
अंशतः लिहिलं, तर सोमवारी नवा माणूस येईल,
ठेक्यावरचा, गुणी,
आणि सोळावा फेरा पुरा करून जाईल.
पूर्ण लिहिलं, तर पुढे मीटरचा आकडा बोलेल.

चावी काढून मोंडकरांनी माझ्या हातात दिली.
वजन आहे तिला. माझा खांदा खाली गेला.
खाली कुठेतरी प्लास्टिकच्या बादलीत पाणी पडतंय
असं वाटलं. इतक्या लांबून ऐकू येत नाही ते.

शेऱ्याच्या रकान्यात मी टाइप केलं:
वॉल्व्ह जुना. आटे झिजलेले. पूर्ण बंद होत नाही.
बदलण्याचा प्रस्ताव सादर करावा.

प्रस्ताव मीच सादर करणार आहे.
तो कुठल्या कुठल्या टेबलावर थांबेल,
कोणता शेरा मारून परत येईल,
निविदा किती वेळा निघेल, किती वेळा रद्द होईल,
सगळं पाठ आहे मला.
सहा वर्षं. सात.
माझ्या खात्याच्या संथपणाबद्दल
आज पहिल्यांदाच मला बरं वाटलं.

मोंडकरांना बिडी सापडली, कानामागे होती.